हे खरे आहे काय? गुन्हेगारीबद्दल गृहमंत्र्यांना प्रश्न विचारताना

आमदारांच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्याच्या हातात पहिल्याच आठवड्यात एक निवेदन पडतं. वर विषय लिहिलेला असतो, 'तालुक्यातील वाढत्या चोऱ्यांबाबत'. खाली पंचवीस-तीस सह्या, दोन अंगठे आणि ग्रामपंचायतीचा शिक्का. साहेब गाडीत बसता बसता सांगतात, "याचा प्रश्न टाका." टाकायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगायला मागे कुणी थांबत नाही.

मी बरीच वर्षं आमदारांसाठी असे प्रश्न लिहिले. पहिला प्रश्न चांगला तासभर घासून लिहिला होता: 'तालुक्यात कायदा व सुव्यवस्था पूर्णपणे ढासळली असून नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण आहे, हे खरे आहे काय?' त्याला तीन शब्दांचं उत्तर आलं, 'हे खरे नाही.' खालच्या तिन्ही भागांसमोर एकच ओळ, 'प्रश्न उद्भवत नाही.' साहेब काही बोलले नाहीत, नुसता कागद माझ्यापुढे सरकवला. पुढे जे सांगतोय ते सगळं त्या तीन शब्दांची पळवाट खात्याला मिळू नये म्हणून आहे. आमदारांच्या नव्या स्वीय सहायकाला त्याचा उपयोग होईल, तालुक्याच्या वार्ताहराला होईल, आणि ज्यांनी ते निवेदन दिलं त्यांनाही होईल.

आधी बघा, हा प्रश्न कुणाचा

पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीतले अगदी पहिले दोन विषय. म्हणजे चोरी, मारामारी, खून, ठाण्यातली अपुरी माणसं, रात्रीची गस्त हे सगळं मुंबई-नागपूरच्या सभागृहांत विचारायचं. हाच प्रश्न खासदारांकरवी लोकसभेत टाकला, तर केंद्रीय गृह मंत्रालयाचं उत्तर बहुतेक वेळा या सातव्या अनुसूचीच्या वाक्यानेच सुरू होतं. पुढे एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, तक्त्याचा हवाला येतो, आणि तो तक्ता शिळा असतो. २०२२ सालचा अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये आला, २०२३ सालचा तर थेट २०२५ मध्ये.

दिल्लीत विचारण्यासारखं वेगळं आहे: सीबीआय, एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा), सायबर फसवणुकीची १९३० ही हेल्पलाइन, महिला सुरक्षेसाठीच्या निर्भया निधीतून राज्याला काय आलं, रेल्वे सुरक्षा दल (आरपीएफ). यातही एक गंमत आहे. लोकलच्या डब्यातल्या चोरीचा तपास करणारे लोहमार्ग पोलीस राज्याचे, आणि फलाटावर उभं असलेलं आरपीएफ केंद्राचं. प्रश्न एकाचा दुसऱ्याकडे गेला की दोघांनाही बरं वाटतं. लोकसभेत पंधरा दिवसांची सूचना लागते, दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात, आणि गृह खात्याची पाळी सध्या मंगळवारी असते. राज्यसभेत ती बुधवारी.

महाराष्ट्रात गृह खातं डिसेंबर २०२४ पासून मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडेच आहे. त्यांच्या जोडीला शहरांसाठी एक आणि ग्रामीण भागासाठी एक असे दोन राज्यमंत्री आहेत. पण 'गुन्हेगारी' म्हणून लोक जे घेऊन येतात ते सगळं गृह खात्याचं नसतं. गुटख्याची टपरी असेल तर अन्न व औषध प्रशासन. गावठी दारू असेल तर पोलिसांबरोबर राज्य उत्पादन शुल्क, आणि त्याचा मंत्री वेगळा. वाळूचे ट्रक महसूलकडे. बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे नगरपालिकेचे, म्हणून नगरविकासकडे. १८१ ही महिला हेल्पलाइन महिला व बालविकासकडे. एकाच प्रश्नात हे सगळं कोंबलं, की प्रश्न या खात्यातून त्या खात्यात फिरत राहतो आणि तोवर अधिवेशन संपतं. एक प्रश्न, एक खातं.

कागद गोळा करणं

निवेदनातल्या मजकुरावर विसंबून प्रश्न लिहू नका. निवेदन घेऊन आलेल्यांना चहा पाजा आणि चार गोष्टी विचारा: ठाणं कुठलं, तारीख कुठली, गुन्हा रजिस्टर नंबर काय, कलम कुठलं लावलं. निम्म्या वेळा उत्तर येतं, 'नंबर दिलाच नाही.' तिथे तुमचा खरा प्रश्न सापडलेला असतो.

कारण ठाण्यात गेलेली प्रत्येक तक्रार गुन्हा होत नाही. काही अर्ज 'चौकशीवर' ठेवले जातात. काहींची एनसी होते, म्हणजे अदखलपात्र नोंद, जिच्या तपासाला न्यायालयाची परवानगी लागते. मोबाईल हिसकावून नेला तरी कागदावर तो 'गहाळ' झालेला असतो. फिर्यादीलाही तेव्हा त्यात वावगं वाटत नाही, कारण नवं सिम घ्यायला तेवढा कागद पुरतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. नव्या कायद्यानुसार हद्द आपली नाही म्हणूनही परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने नोंद घ्यावी लागते.

एफआयआर मिळवायला कुणाच्या पाया पडायची गरज नाही. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर संवेदनशील प्रकरणं सोडून बाकीच्या एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकल्या जातात. तारीख आणि ठाणं टाकून सहा महिन्यांच्या काढा, वहीत उतरवा. कंटाळवाणं काम आहे, पण मंत्री सभागृहात आकडा वाचतील तेव्हा तुमच्या आमदारांच्या हातात स्वतःचा आकडा असेल.

आकडे जुळवताना १ जुलै २०२४ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. हिसकावून नेण्याला आता कलम ३०४ असा स्वतंत्र गुन्हा आहे. आधी तोच प्रकार चोरीच्या किंवा जबरी चोरीच्या कलमाखाली नोंदला जायचा. २०२३ आणि २०२५ ची तुलना करणारा प्रश्न कलमांचा विचार न करता टाकलात, तर खातं तुम्हाला आंबे आणि चिंचा एकाच टोपलीत मोजून देईल, आणि चूक तुमची ठरेल.

आणखी एक, याला अपवाद नाही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचं नाव, शाळा, वस्ती, नातेवाईक, ओळख पटेल असं काहीही प्रश्नात लिहू नका. न्याय संहितेचं कलम ७२ आणि पोक्सोचं, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, कलम २३ त्याला मनाई करतात. प्रश्न छापला जातो, यादीत जातो, संकेतस्थळावर कायमचा राहतो. ठाणं आणि महिना एवढं पुरतं.

प्रश्न लिहिणं

महाराष्ट्र विधानमंडळातल्या प्रश्नाची एक ठरलेली चाल आहे. पहिल्या भागात एखादी घटना सांगून 'हे खरे आहे काय' विचारायचं. मग 'असल्यास', मग 'असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे', आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. ही भाषा जुन्या फायलीतून उतरलेली आहे, पण तिला हसू नका. तिचं व्याकरण कळलं की ती कामाला येते.

या साच्यात सगळे भाग पहिल्या भागाच्या खुंटीला टांगलेले असतात. खुंटी निघाली की सगळे पडतात. माझ्या पहिल्या प्रश्नाचं तेच झालं. म्हणून पहिल्या भागात अशी गोष्ट लिहा जी खात्याला नाकारताच येणार नाही. 'ग्रामस्थांनी अमुक तारखेला पोलीस निरीक्षकांना लेखी निवेदन दिले, हे खरे आहे काय?' निवेदनाची शिक्का मारलेली पोच तुमच्याकडे आहे, तेव्हा उत्तर 'हे खरे आहे' असंच यावं लागतं. (निवेदनाला पोच नसेल तर प्रश्नाआधी नव्याने निवेदन द्या, पोच घ्या, मगच प्रश्न लिहा.) 'अंशतः खरे आहे' आलं तरी चालेल. अंशतः हा शब्द वाईट नाही, कुठला अंश खरा ते पुढे विचारता येतं. दुसऱ्या भागापासून 'असल्यास' वर फार भरवसा न ठेवता सरळ 'किती' विचारा. 'किती'ला 'प्रश्न उद्भवत नाही' म्हणता येत नाही.

नमुना असा होऊ शकतो:

(१) अमुक पोलीस ठाण्याच्या हद्दीत सोनसाखळी व मोबाईल हिसकावण्याच्या प्रकारांबाबत नागरिकांनी दिनांक अमुक रोजी पोलीस निरीक्षकांना निवेदन दिले, हे खरे आहे काय;

(२) सदर ठाण्यात १ जानेवारी ते ३० जून या कालावधीत अशा स्वरूपाच्या किती तक्रारी प्राप्त झाल्या, त्यापैकी किती प्रकरणी न्याय संहितेच्या कलम ३०४ अन्वये गुन्हे दाखल झाले व किती प्रकरणी केवळ गहाळ नोंद घेण्यात आली;

(३) दाखल गुन्ह्यांपैकी किती उघडकीस आले, किती प्रकरणी दोषारोपपत्र सादर झाले व किती फिर्यादींना मुद्देमाल परत मिळाला;

(४) सदर ठाण्यातील मंजूर व रिक्त पदे किती, तसेच ठाण्यातील सीसीटीव्हीचे चित्रीकरण किती दिवसांपर्यंत साठवून ठेवले जाते?

यातला चौथा भाग बघा. ठाण्यांतल्या सीसीटीव्हीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये आदेश दिले: चित्रीकरण अठरा महिने ठेवायचं, आणि कुठल्याही परिस्थितीत वर्षाच्या आत पुसायचं नाही. उत्तरात 'तीस दिवस' असं आलं, तर पुढचा प्रश्न आपोआप तयार असतो. असे मोजमाप आधीच कुणीतरी ठरवून दिलेले मुद्दे शोधा. पोक्सोच्या आणि बलात्काराच्या तपासाला दोन महिन्यांची मुदत, तपास कुठवर आला ते फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवणं, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं, हे सगळं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात, लिहिलेलं आहे. शेवटच्या गोष्टीला राज्यांना पाच वर्षांची सवलत आहे, तेव्हा 'महाराष्ट्रात ती कुठल्या जिल्ह्यांत लागू झाली' असं विचारा. 'परिस्थिती समाधानकारक आहे काय' याला मोजपट्टीच नाही, मग त्याला उत्तर तरी कसलं यावं?

आता माझं एक मत, जे अनेकांना पटत नाही. 'गुन्हे का वाढले?' हा प्रश्न मी लिहीत नाही. वाढलेल्या आकड्यावर आमदार सभागृहात तुटून पडले, दुसऱ्या दिवशी बातमी आली, की अधीक्षक निरीक्षकाला झापतात. निरीक्षक त्यातून एकच धडा घेतो: पुढच्या सहा महिन्यांत नोंदी कमी झाल्या पाहिजेत. मग एनसी वाढतात, गहाळ वाढतात, आणि पुढच्या अधिवेशनात मंत्री अभिमानाने सांगतात की तालुक्यात गुन्ह्यांचं प्रमाण घटलं आहे. तुमच्याच प्रश्नाने तुमच्याच मतदारांची फिर्याद अडवली. आलेल्या तक्रारी आणि दाखल गुन्हे यांच्यातलं अंतर विचारा. जे ठाणं प्रामाणिकपणे नोंदी घेतं त्याला त्यात शिक्षा होत नाही, आणि जे दडपतं ते उघडं पडतं.

आणखी दोन धोके. प्रकरण न्यायालयात असेल तर 'न्यायप्रविष्ट' म्हणून प्रश्न नाकारला जातो. तिथे आरोपीच्या गुन्ह्याविषयी न विचारता यंत्रणेविषयी विचारा: दोषारोपपत्राला किती दिवस लागले, कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे किती नमुने प्रलंबित, सरकारी वकिलाची नेमणूक कधी झाली. दुसरा धोका हा, की कुणीतरी टंकलेखन करून तयार प्रश्न घेऊन येतो, आणि तो नेमका एकाच हॉटेलविरुद्ध किंवा एकाच बिल्डरविरुद्ध असतो. 'अवैध धंदे' या मथळ्याखाली असे बरेच येतात. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात संसदेच्या अकरा सदस्यांना घरी जावं लागलं होतं. प्रश्न साहेबांच्या नावाने छापला जातो. तो कुणाच्या सोयीचा आहे हे विचारणं तुमचं काम.

कुठलं हत्यार कधी

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. पण तो अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी द्यावा लागतो, आता ऑनलाइन, आणि यादीत कितवा लागेल ते बॅलटवर, म्हणजे सोडतीवर. एक तासात मोजकेच प्रश्न होतात, उरलेल्यांची उत्तरं छापील मिळतात. नवखे यावर हिरमुसतात. मला छापील उत्तर तितकंच मोलाचं वाटतं, कारण आकड्यांचा तक्ता तोंडी उत्तरात कुणी वाचत नाही. नुसती माहिती हवी असेल तर अतारांकितच टाका.

कालची घटना असेल तर प्रश्न कामाचा नाही, लक्षवेधी सूचना द्या. विधानसभेत नियम १०५, विधान परिषदेत नियम १०१. मंत्री लेखी निवेदन करतात आणि सदस्य त्यावर विचारतात. हल्ली लक्षवेधींची इतकी गर्दी असते की सकाळी खास बैठक लावून त्या उरकाव्या लागतात, सभागृहात तेव्हा खुर्च्याच जास्त दिसतात. तरी लक्षवेधीला कमी लेखू नका. मार्च २००५ मध्ये पनवेलचे शेकापचे आमदार विवेक पाटील यांनी डान्सबारवर लक्षवेधी मांडली, आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी उत्तर देताना बंदीची घोषणा केली. त्याच वर्षी मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती झाली. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. लक्षवेधीचं बळ यात दिसतं, आणि सभागृहाच्या टाळ्यांत झालेली घोषणा न्यायालयात टिकेलच असं नाही, हेही दिसतं.

सगळं बाजूला ठेवून आजच बोलायचं असेल तर स्थगन प्रस्ताव, विधानसभेत नियम ९७. तो बहुधा नाकारला जातो, पण नाकारण्याआधी विरोधकांना दोन मिनिटं मिळतात आणि विषय नोंदीत येतो. परिषदेत तेच काम नियम २८९ करतो. छापील उत्तर अपुरं वाटलं तर अर्धा तास चर्चा मागता येते. कायदा व सुव्यवस्थेवरच्या मोठ्या चर्चा विधानसभेत नियम २९३ खाली, किंवा नियम २९२ च्या अंतिम आठवडा प्रस्तावात होतात. तिथे तुमच्या आमदारांना सात-आठ मिनिटं मिळाली तरी पुष्कळ, म्हणून तालुक्याचा एकच मुद्दा द्या.

डिसेंबर २०२४ चं नागपूर अधिवेशन आठवा. जेमतेम आठवड्याभराचं, मंत्र्यांना खातीही वाटलेली नव्हती. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या आणि परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर झालेला हिंसाचार या दोन विषयांनी ते व्यापलं. दोन्ही बाकांवरचे सदस्य बोलले, आणि शेवटी मुख्यमंत्र्यांनी मस्साजोग प्रकरणात विशेष तपास पथक, न्यायालयीन चौकशी आणि पोलीस अधीक्षकांची बदली सभागृहातच जाहीर केली. असं रोज घडत नाही. घडतं तेव्हा जिल्ह्यातल्या सदस्यांनी तारखा आणि वेळा पाठ केलेल्या असतात.

अर्थसंकल्पी अधिवेशनातल्या कपात सूचना, म्हणजे खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करा असं सुचवून विषय मांडणं, ही मात्र फुकट जाणारी संधी आहे. गृह विभागाच्या मागण्यांवर शेकड्याने सूचना दिल्या जातात, बहुतेक वाचल्याही जात नाहीत. ठाण्याची इमारत, पोलीस वसाहतीची गळती, वाहनांचं डिझेल अशा पैशाच्या गोष्टी तिथेच टाका, लेखी उत्तर येतं.

प्रश्नाचा प्रवास

तुम्ही पाठवलेला प्रश्न विधानमंडळ सचिवालयात स्वीकृत होतो. तिथून मंत्रालयात गृह विभागाच्या कक्ष अधिकाऱ्याकडे, तिथून पोलीस महासंचालक कार्यालयाकडे, मग अधीक्षक किंवा आयुक्तांकडे, मग उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, आणि शेवटी ठाण्यात. ठाण्यात त्याला 'एलएक्यू' (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात. गोव्यात हाच शब्द आमदारांपासून वार्ताहरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. एलएक्यू आला की बाकीची कामं बाजूला पडतात, आणि रात्री उशिरापर्यंत बसून माहिती तयार होते.

हा प्रवास एवढ्यासाठी सांगितला, की उत्तराचा पहिला मसुदा बऱ्याचदा तोच निरीक्षक लिहितो ज्याच्याविरुद्ध निवेदन आहे. वर प्रत्येक टेबलावर भाषा थोडी गुळगुळीत होते, मजकूर तोच राहतो. म्हणून एखादा आकडा असा मागा जो दुसऱ्या दफ्तरातही असतो: ११२ वर आलेले कॉल, दोषारोपपत्रांची संख्या, न्यायालयाने परत पाठवलेले कागद. दोन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत तर मंत्रालयातला कक्ष अधिकारीच आधी वैतागतो, आणि तो वैताग तुमच्या कामाचा असतो.

प्रश्न स्वीकारला गेल्यावर ठाण्यातून साहेबांना फोन येईल, 'काम करून टाकतो, प्रश्न मागे घ्या.' लोकांचं काम खरंच होत असेल तर होऊ द्या, पण प्रश्न राहू द्या.

सभागृहातला तास

आदल्या रात्री उत्तराची छापील प्रत हाती आली की ती पेन्सिल घेऊन वाचा. विचारलं काय आणि दिलं काय, एवढंच बघायचं. तक्रारी किती आल्या ते गाळून फक्त दाखल गुन्हे दिलेत? 'उघडकीस' म्हणजे आरोपी सापडला की फक्त त्याचं नाव निष्पन्न झालं? ज्या भागाचं उत्तर दिलेलं नाही, तिथेच उपप्रश्न करा.

उपप्रश्न एका वाक्याचा लिहून द्या. आमदारांना भाषणाचा मोह होतो: 'अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातील माताभगिनी...' असं सुरू झालं की मंत्र्यांना तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी खाली येते, आणि भाषणातल्या सर्वांत सोप्या वाक्याला उत्तर दिलं जातं. छोट्या प्रश्नाला चिठ्ठी पोहोचेपर्यंत वेळच मिळत नाही. 'गहाळ नोंदींपैकी किती नोंदी पुन्हा तपासणार आणि कोणत्या तारखेपर्यंत?' एवढंच. दोन प्रश्न एकत्र विचारले तर मंत्री दुसऱ्याचंच उत्तर देतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्याचं आश्चर्य वाटत नाही.

मंत्री काय म्हणाले त्यातली क्रियापदं टिपा. 'तपासून पाहू', 'माहिती घेऊ', 'सन्माननीय सदस्यांच्या भावना लक्षात घेऊ' यात काही नाही. 'एक महिन्याच्या आत वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत चौकशी करू' यात सगळं आहे: मुदत, दर्जा, काम. पहिल्या प्रकारचं उत्तर आलं तर दुसऱ्या उपप्रश्नाला एकच गोष्ट मागायची, तारीख. दुसऱ्या पक्षाच्या सदस्यालाही आधी सांगून ठेवा. मोबाईल त्यांच्याकडेही चोरीला जातात, आणि पीठासीन अधिकारी दोन्ही बाजूंनी हात वर दिसले की विषय जरा लांबू देतात. मंत्र्यांकडे माहितीच नसेल तर प्रश्न राखून ठेवण्याची मागणी करा.

अधिवेशन संपल्यावर

इथे बहुतेकांची फाईल बंद होते. बातमीचं कात्रण चिकटवलं, समाजमाध्यमांवर चित्रफीत टाकली, झालं.

कार्यवाहीचा त्या दिवसाचा भाग मिळवा आणि मंत्र्यांचं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवा. सभागृहात दिलेलं आश्वासन आश्वासन समितीच्या कक्षेत येतं. समिती खात्याच्या सचिवांना बोलावून विचारू शकते. लोकसभेत अशी आश्वासनं तीन महिन्यांत पुरी करायची असतात. आपल्याकडे समितीला पत्र लिहून तुमचं आश्वासन यादीत घेतलं गेलं का, ते विचारत राहा. कुणी आपणहून कळवत नाही. उत्तरात चुकीचा आकडा दिला आणि तुमच्याकडे एफआयआरच्या प्रती आहेत, असं झालं तर हक्कभंगाची धमकी लगेच देऊ नका. आधी मंत्र्यांना पत्र लिहा, प्रती जोडा. उत्तर दुरुस्त करून पटलावर ठेवण्याची पद्धत आहे आणि ती वापरली जाते.

छापील उत्तराच्या पाच प्रती काढा. एक निवेदन देणाऱ्या गावकऱ्यांना, त्यांनाच आधी. एक तालुक्याच्या वार्ताहराला. एक ठाण्याच्या निरीक्षकाला, सौजन्याने, सही घेऊन. एक फिर्यादींपैकी ज्याचा मोबाईल 'गहाळ' झाला होता त्याला, म्हणजे तो त्या कागदावर बोट ठेवून ठाण्यात जाऊन विचारू शकेल. पाचवी तुमच्या फायलीत ठेवा, आणि त्याच फायलीच्या पहिल्या पानावर पुढच्या अधिवेशनाचे प्रश्न स्वीकारण्याची तारीख लिहा. त्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा टाकायचा, फक्त कालावधी बदलून: १ जुलै ते ३१ डिसेंबर.